गुडघा बदलताना खालचं हाडच खचलेलं असेल तर?

ऑक्टोबर २००० मध्ये तेव्हाचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात दाखल झाले आणि त्यांचा डावा गुडघा बदलण्यात आला. पुढच्या वर्षी जूनमध्ये उजवा. शस्त्रक्रिया करणाऱ्या चमूचे प्रमुख डॉ. चित्तरंजन रानावत, इंदूरला शिकून अमेरिकेत गेलेले. आज जगभर बसवल्या जाणाऱ्या बहुतेक कृत्रिम गुडघ्यांचा मूळ आराखडा म्हणजे १९७४ सालचा ‘टोटल कॉन्डिलर’ गुडघा. न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीमध्ये तो घडवणाऱ्यांत जॉन इन्सॉल आणि पीटर वॉकर यांच्या जोडीला हेच रानावत होते. पंतप्रधानांच्या गुडघ्याच्या बातम्या तेव्हा रोज छापून यायच्या. आता तर ‘वाट्या बदलून घेतल्या’ हे वाक्य लग्नाच्या पंगतीतही सहज कानावर पडतं.

या गप्पांमध्ये इम्प्लांट कुठल्या कंपनीचं, धातू कोणता, किती वर्षं टिकेल, रोबोटने करायचं की हाताने, हे सगळं येतं. ते इम्प्लांट ज्यावर बसणार त्या हाडाबद्दल मात्र क्वचितच कुणी विचारतं. सर्जन एक्स-रे प्रकाशात धरतो तेव्हा त्याची नजर आधी तिथे जाते. हाड पुरेसं आणि सपाट असेल तर शस्त्रक्रिया ठरलेल्या वाटेने जाते. ते एका बाजूने खचलेलं असेल तर शस्त्रक्रियेचं नाव तेच राहतं, पण काम बरंच वेगळं होतं.

कापायचं किती?

अख्खा सांधा कापून काढतात असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाचा आणि नडगीच्या हाडाच्या माथ्याचा पातळसा थर निघतो, दोन्हीकडे साधारण ८ ते १० मिलिमीटर. मांडीच्या हाडाच्या टोकावर धातूचं आवरण चढतं, नडगीच्या सपाट केलेल्या माथ्यावर धातूची तबकडी बसते आणि दोहोंच्या मध्ये पॉलिइथिलीन या टणक प्लास्टिकची गादी येते. तबकडीच्या खालच्या अंगाला एक बुटका खुंट असतो, तो हाडात रुततो. उरलेली पकड बोन सिमेंटची.

जिना चढताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण तिप्पट भार येतो. हा भार तबकडीवाटे खालच्या हाडात सगळीकडे सारखा उतरला पाहिजे. तबकडीचा एक कोपरा जरी अधांतरी राहिला तरी ती हळूहळू त्या बाजूला कलते, सिमेंट तडकतं आणि काही वर्षांत इम्प्लांट सैल होतं. आपल्याला हवा आहे तो आधार, आणि खचलेल्या हाडात नेमका तोच नसतो.

थोडा हिशेब करू. नडगीचा माथा कापताना माप घेतात ते कमी झिजलेल्या बाजूवरून. आपल्याकडच्या बहुतेक रुग्णांमध्ये ती बाहेरची बाजू असते. समजा, तिथून ९ मिमीचा थर काढला. आतल्या बाजूची झीज ४ मिमी असेल तर करवत त्या खड्ड्याच्या तळाखालून जाते आणि सगळं सपाट होतं. खड्ड्याचा प्रश्न तिथेच मिटला. पण झीज १६ मिमी असेल तर बाहेरचं ९ मिमी कापून झाल्यावरही आत ७ मिमीचा खड्डा शिल्लक उरतो. सगळा विचार करायचा तो या उरलेल्या खड्ड्याचा.

खड्डा पडतो कसा

सरळ पायातही गुडघ्याच्या आतल्या कप्प्यावर बाहेरच्यापेक्षा जास्त भार असतो, चालताना साधारण साठ टक्के. कूर्चा झिजायला लागते तीही सहसा तिथेच. आतली बाजू झिजली की पाय फेंगडा होऊ लागतो, पाय फेंगडा झाला की भार आणखी आत सरकतो आणि झीज वाढते. एकदा हे चक्र सुरू झालं की कूर्चा संपल्यावरही ते थांबत नाही. मग हाड हाडावर घासतं आणि नडगीचा माथा आतून खचत जातो.

सुरुवातीला ही झीज पुढच्या बाजूला असते. गुडघ्याच्या मधोमध असलेली एसीएल ही दोरीवजा शीर तोवर शाबूत असते. ती निकामी झाली की मांडीचं हाड नडगीवर मागे घसरायला लागतं आणि खड्डाही आतल्या-मागच्या कोपऱ्यात सरकतो. म्हणून खूप जुन्या फेंगड्या गुडघ्यात सर्जनला खड्डा सापडतो तो बहुतेक वेळा मागे, आणि तिथपर्यंत हात पोहोचवणं अवघड असतं. शिवाय त्या खड्ड्याचा तळ गुळगुळीत आणि दगडासारखा टणक झालेला असतो. टणक म्हणजे चांगलं असं वाटेल, पण अशा हाडात ना सिमेंट शिरतं ना रक्त पुरेसं येतं.

बाकी कारणं थोडक्यात. संधिवाताच्या काही प्रकारांत, विशेषतः रुमॅटॉइडमध्ये, हाड आतून पोखरलं जातं आणि मऊ पडतं. जुन्या अपघातात माथा चेपून तसाच जुळलेला असतो. फार फेंगड्या पायात नडगीला सांध्याखाली बारीक भेग पडते आणि कित्येकदा ती गुडघेदुखी समजूनच अंगावर काढली जाते.

आधी बदललेला गुडघा पुन्हा बदलायचा असेल, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत रिव्हिजन, तर खड्डे याहून मोठे असतात. तिथे तीन गोष्टी हाड खातात. पहिली म्हणजे प्लास्टिकच्या गादीचे घासून निघालेले सूक्ष्म कण. शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी हे कण गिळतात, ते पचत नाहीत, पेशी चिडतात आणि त्यांच्या इशाऱ्यावर हाड विरघळवणाऱ्या पेशी कामाला लागतात. इम्प्लांटच्या कडेने हाड पोखरलं जातं आणि रुग्णाला बराच काळ काहीच कळत नाही. दुसरी गोष्ट जंतुसंसर्ग. तिसरी म्हणजे जुनं इम्प्लांट काढण्याची क्रिया: घट्ट बसलेला धातू उचलताना त्याला चिकटून हाडही येतं. संसर्गामुळे काढलेल्या गुडघ्यात काही आठवडे अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा ठेवतात. तो आत हलत राहिला तर त्यानेही हाड घासलं जातं.

सरळ आणखी खोल का कापत नाहीत?

वरच्या हिशेबातला ७ मिमीचा खड्डा पाहून कुणालाही हेच सुचेल: आणखी ७ मिमी कापा, सपाट करा, वर जाड गादी बसवा. दोन-तीन मिलिमीटरपुरतं असं करतातही. त्यापलीकडे ते महागात पडतं.

नडगीच्या माथ्यातलं सगळ्यात भक्कम स्पंजासारखं हाड सांध्याच्या लगेच खालच्या थरात असतं. जसजसं खाली जावं तसतसं ते वेगाने कमकुवत होतं. म्हणजे खोल कापून आपण तबकडी मऊ जमिनीवर बसवतो. दुसरं, नडगी माथ्याशी रुंद आणि खाली निमुळती होत जाते. खोल कापलं की तबकडीचा आकार लहान घ्यावा लागतो, तोच भार कमी जागेवर येतो आणि वरच्या आवरणाशी तिचं माप जुळेनासं होतं. तिसरं, वाटीपासून खाली येणारा जाड स्नायुबंध नडगीच्या पुढच्या उंचवट्याला चिकटलेला असतो आणि त्याच्याच जोरावर पाय सरळ होतो. करवत त्या उंचवट्याजवळ नेणं कुणालाच परवडत नाही. आणि साठीच्या आत गुडघा बदलणाऱ्यांनी विशेष लक्षात घ्यावं असं चौथं कारण: हा गुडघा कदाचित आयुष्यात शेवटचा नसेल. आज उगाच कापलेलं हाड पंधरा-वीस वर्षांनी दुसऱ्या सर्जनला हवं असेल.

मांडीच्या हाडाकडे वेगळीच अडचण असते. तिथे टोक खचलंय म्हणून जास्त कापलं तर सांध्याची रेषाच वर सरकते. दोन्ही बाजूंच्या आधारशिरा जिथे चिकटल्या आहेत तिथून सांध्याचं अंतर ठरलेलं असतं. ते बिघडलं की पाय सरळ असताना घट्ट वाटणारा गुडघा अर्धवट वाकवल्यावर लचकतो, जिना उतरताना भरवसा वाटत नाही आणि वाटी तुलनेने खाली आल्यामुळे तीही कुरकुरते. म्हणून मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी कमी पडलेलं हाड भरूनच काढायचं, रेषा जागेवर ठेवायची, हा नियम बहुतेक सर्जन कसोशीने पाळतात.

खोली, रुंदी आणि काठ

खड्डा कसा भरायचा हे ठरवताना तीन गोष्टी पाहतात: तो किती खोल आहे, माथ्याचा किती भाग त्याने व्यापलाय आणि त्याला चारी बाजूंनी काठ उरलाय का. तिसरा प्रश्न सामान्य माणसाला सुचत नाही, पण बऱ्याचदा निर्णय त्याच्यावरच फिरतो. शेताचा बांध शाबूत असेल तर सखल जागेत टाकलेली माती जागेवर राहते. बांध फुटलेला असेल तर कितीही ओता, पहिल्या पावसात ओघळून जाते. काठ शाबूत असलेल्या खड्ड्यात हाडाचा चुरा दाबून भरला तरी चालतो, कारण भार आला तरी तो सरकायला जागा नसते. काठच नसेल तर स्वतः उभं राहू शकेल असं काहीतरी बसवावं लागतं: हाडाचा सलग तुकडा किंवा धातू.

फेंगड्या गुडघ्यातला आतल्या-मागच्या कोपऱ्यातला खड्डा बहुतेक दुसऱ्या जातीचा असतो. त्याची कड ढासळलेली असते आणि तळ उतरता असतो.

डॉक्टरांत यासाठी एक वर्गवारी रूढ आहे. अमेरिकेतल्या अँडरसन ऑर्थोपेडिक रिसर्च इन्स्टिट्यूटची, जेरार्ड एंग यांच्या नावाशी जोडलेली. पहिल्या प्रकारात वरवरचे खड्डे येतात, सांध्याजवळचा हाडाचा फुगीर भाग मजबूत असतो. दुसऱ्यात तो फुगीर भाग खराब झालेला असतो, आणि एकच बाजू गेली की दोन्ही यावरून त्याचे ‘अ’ आणि ‘ब’ असे पोटभेद होतात. तिसऱ्यात तो भाग जवळजवळ उरलेलाच नसतो, कधी आधारशिरांची मुळंही त्याच्यासोबत गेलेली असतात. तुमच्या रिपोर्टवर ‘टी टू ए’ असं काही दिसलं तर त्याचा अर्थ नडगीच्या हाडाचा, दुसऱ्या प्रकारचा, एका बाजूचा दोष. टी म्हणजे नडगी, एफ म्हणजे मांडीचं हाड.

उभं राहून काढलेला, शक्यतो कंबरेपासून घोट्यापर्यंतचा एक्स-रे यासाठी लागतो. झोपून काढलेल्या एक्स-रेत झीज कमी भासते. गुंतागुंत असेल तर सीटी स्कॅन. एवढं करूनही अंतिम वर्गवारी टेबलावर, हाड उघडं झाल्यावरच होते, आणि तेव्हा खड्डा सहसा फोटोत दिसला त्याहून मोठाच निघतो. रिव्हिजनमध्ये तर जुन्या धातूच्या सावलीत बरंच काही लपलेलं असतं. म्हणून अनुभवी सर्जन फोटोवरून वाटतं त्यापेक्षा एक पायरी वरची सामग्री थिएटरमध्ये मागवून ठेवतात.

सिमेंट आणि स्क्रू

बोन सिमेंट म्हणजे एक ॲक्रिलिक प्लास्टिक. पूड आणि द्रव मिसळले की दहा-बारा मिनिटांत घट्ट होतं. सांधेबदलात ते आणलं इंग्लंडच्या जॉन चार्नली यांनी, १९५० च्या दशकाच्या अखेरीस, खुब्याच्या सांध्यासाठी. हे सिमेंट चिकटत नाही. ते हाडाच्या छिद्रांत काही मिलिमीटर शिरून अडकतं, पकड येते ती त्यामुळे. टणक झालेल्या तळात ते शिरावं म्हणून सर्जन तिथे बारीक ड्रिलने भोकं पाडतात.

साधारण ५ मिमीपर्यंतचा खड्डा नुसत्या सिमेंटने भरला तर चालतं. त्याहून जाड थर टाकला की सिमेंटचे दुर्गुण पुढे येतात. घट्ट होताना ते तापतं, किंचित आकसतं, आणि दाब सोसत असलं तरी तिरकस घसरणीचा जोर त्याला सोसत नाही. उतरत्या तळाच्या खड्ड्यात नेमका हाच जोर येतो.

त्यावरचा एक जुना, स्वस्त आणि माझ्या मते जरा अन्यायाने मागे पडलेला उपाय म्हणजे स्क्रू. अमेरिकेतले मेरिल रिटर यांनी १९८६ साली तो मांडला. खड्ड्याच्या तळात एक-दोन स्क्रू उभे बसवायचे, त्यांची डोकी तबकडीच्या पातळीच्या किंचित खाली ठेवायची आणि भोवती सिमेंट भरायचं. भार स्क्रूंवाटे खालच्या चांगल्या हाडात उतरतो. ५ ते १० मिमीच्या खड्ड्यासाठी, वयस्क आणि फार धावपळ नसलेल्या रुग्णात, हे पुरेसं ठरतं. धातूचा ऑग्मेंट, म्हणजे खड्ड्याच्या जागी बसवायचा तयार तुकडा, हाताशी नसेल किंवा परवडत नसेल तिथे तर हा उपाय ठाऊक असलाच पाहिजे. फक्त स्क्रूचा धातू तबकडीच्या धातूला टेकू द्यायचा नाही. दोन वेगळे धातू शरीरातल्या द्रवात एकमेकांना टेकले की गंज धरतो.

तबकडीच सरकवली तर?

खड्डा भरण्याऐवजी त्याला टाळायचं, असाही मार्ग आहे. तबकडी एक माप लहान घ्यायची, बाहेरच्या चांगल्या हाडावर सरकवून बसवायची आणि आतली उघडी पडलेली कड छाटून टाकायची. गंमत अशी की ती कड छाटल्यामुळे आतल्या बाजूच्या आखडलेल्या शिरा सैल होतात आणि फेंगडेपणाही कमी होतो. मुंबईचे डॉ. अरुण मुल्लाजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये या छाटणीचा हिशेब प्रसिद्ध केला: साधारण २ मिमी हाड छाटलं की १ अंश बाक सरळ होतो. फार वाकलेले पाय ज्यांच्याकडे सतत येतात अशा सर्जनांकडूनच असं काम व्हावं हे साहजिक आहे. अर्थात तबकडी लहान झाली की भार कमी जागेवर येतो, म्हणून फार लठ्ठ रुग्णात किंवा मऊ हाडात हा मार्ग जपून वापरतात.

स्वतःचंच हाड

पहिल्यांदा गुडघा बदलताना एक सोय आयती मिळते. मांडीच्या आणि नडगीच्या हाडातून कापलेले तुकडे एरवी टाकूनच द्यायचे असतात. तेच ग्राफ्ट म्हणून खड्ड्यात बसवता येतात. वेगळी जखम नाही, दुसऱ्याच्या हाडाचा धोका नाही, खर्च जवळजवळ नाही.

यात कारागिरी लागते. खड्ड्याचा उतरता तळ आधी पायरीसारखा आडवा करून घ्यायचा, म्हणजे तुकडा घसरणार नाही. टणक थर खरवडून रक्त येईपर्यंत जायचं, कारण रक्त नाही तर हाड जुळणार नाही. तुकडा नीट घडवून घट्ट बसवायचा, स्क्रूने धरायचा, आणि सिमेंट टाकताना ते तुकडा आणि तळ यांच्या फटीत जाणार नाही हे पाहायचं. गेलं तर दोन हाडांची गाठच पडत नाही. तबकडीने तो तुकडा पूर्ण झाकलेला हवा आणि पाय सरळ झालेला हवा. पाय थोडा जरी फेंगडा राहिला तरी सगळा भार पुन्हा त्याच कोपऱ्यावर येतो आणि तुकडा चेपतो.

हे जमलं तर फायदा मोठा. काही महिन्यांत तुकड्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात, जुनं हाड हळूहळू नव्याने बदललं जातं आणि माथा भरून येतो. पुढे कधी गुडघा पुन्हा उघडावा लागलाच तर तिथे हाड सापडतं. पन्नाशी-पंचावन्नच्या रुग्णात मला हा मार्ग सगळ्यात समंजस वाटतो. ऐंशीच्या आजींना मात्र तुकडा जुळायची वाट पाहायला लावण्यात फारसा अर्थ नाही. त्यांना दुसऱ्या दिवशी उभं करणं जास्त गरजेचं असतं.

धातूची पाचर, ठोकळा आणि खाली स्टेम

दुसऱ्या दिवशी उभं करायचं तर धातू. ऑग्मेंट म्हणजे तबकडीच्या किंवा वरच्या आवरणाच्या हाडाकडच्या अंगाला जोडायचे तयार तुकडे, सहसा ५, १० आणि १५ मिमी जाडीचे. काही पाचरीच्या आकाराचे, काही ठोकळ्याच्या. पाचर बसवायला हाड कमी कापावं लागतं, पण तिरक्या तळावर तिला घसरायची ओढ राहते. ठोकळ्यासाठी तळ पायरीसारखा आडवा करताना थोडं चांगलं हाड जातं, मात्र भार सरळ खाली उतरतो. आता कल ठोकळ्यांकडे आहे.

साधारण १० मिमीपेक्षा खोल, काठ नसलेल्या खड्ड्यात ऑग्मेंट हा रोजचा उपाय झालाय. जुळायची वाट पाहावी लागत नाही, माप नेमकं मिळतं. उणं इतकंच की हाड परत येत नाही. शिवाय ताठ धातूच्या आडोशाने शेजारच्या हाडावर भार पडेनासा होतो आणि ज्या हाडावर भार नाही ते विरळ होत जातं. हाड वापरावर घडतं हे जर्मन सर्जन युलियुस वोल्फ यांनी १८९२ सालीच सांगून ठेवलंय.

ऑग्मेंट किंवा मोठा ग्राफ्ट वापरला की सहसा तबकडीच्या खुंटाला लांब दांडा जोडतात, तो स्टेम. काही भार वरच्या अशक्त हाडाला वगळून थेट नडगीच्या नळीत पोहोचवणं हे त्याचं काम. काही रुग्णांना नंतर सांध्यात दुखत नाही पण नडगीच्या मध्यावर, स्टेमच्या टोकाशी दुखतं. ते ऐकून गोंधळायला होतं, कारण ऑपरेशन तर गुडघ्याचं झालेलं असतं. असं दुखणं या शस्त्रक्रियेत ओळखीचं आहे. डॉक्टरांना सांगायचं, पण घाबरून जायचं नाही.

फुगीर भागच उरला नसेल तेव्हा

रिव्हिजनमधल्या मोठ्या पोकळ्यांना वरचे उपाय पुरत नाहीत. पूर्वी तिथे दाता-हाड वापरत. खुब्याचं ऑपरेशन करताना काढलेला मांडीच्या हाडाचा गोल माथा संमतीने जपून ठेवला जातो. एचआयव्ही, कावीळ ब आणि क, सिफिलिस यांच्या तपासण्या होतात, मग हाड अतिशीत ठेवतात किंवा वाळवून गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाची टिश्यू बँक १९८८ पासून हेच काम करते. २०११ मधल्या दुरुस्तीनंतर अवयवदानाच्या कायद्याच्या कक्षेत अवयवांबरोबर ऊतीही आल्या, त्यात हाडही. नेत्रदानाबद्दल आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. हाडही दान करता येतं हे ऐकून मात्र अजून बरेच जण चकित होतात.

दाता-हाडाचा मोठा तुकडा मेलेल्या हाडाचा असतो. तो कडेने जुळतो, आतून वर्षानुवर्षं तसाच राहतो, कधी विरघळतो, कधी तुटतो, आणि जंतूंना आश्रयही देतो. त्यामुळे या शतकाच्या सुरुवातीपासून सच्छिद्र धातूचे कोन, म्हणजे पोकळ शंकू, आणि स्लीव्ह पुढे आले. कोन बहुधा टँटलम धातूचा असतो. त्यात साधारण पंचाहत्तर ते ऐंशी टक्के भाग पोकळ छिद्रांचा, आणि त्याची लवचीकता हाडाच्या जवळपास जाणारी. तो पोकळीत ठोकून बसवतात, काही महिन्यांत हाड त्याच्या छिद्रांत वाढतं आणि इम्प्लांट त्याच्या आत सिमेंटने बसतं. स्लीव्हचं कामही तेच, फक्त ती इम्प्लांटलाच जोडलेली येते. निकाल चांगले आहेत. पण हाड वाढून पक्का झालेला कोन पुढे संसर्गामुळे काढायची वेळ आली तर ते फार कष्टाचं काम असतं, हेही सांगायला हवं.

इथे २०१५ मध्ये ब्रिटनच्या मॉर्गन-जोन्स आणि सहकाऱ्यांनी मांडलेला एक विचार उपयोगी पडतो. गुडघ्याजवळच्या हाडाचे तीन पट्टे धरायचे: सांध्यालगतचा, त्यापलीकडचा फुगीर, आणि नळीचा. या तिन्हींपैकी किमान दोन पट्ट्यांत पक्की पकड मिळाली पाहिजे. वरचा पट्टा गेला असेल तर कोन किंवा स्लीव्हने मधला धरायचा, स्टेमने खालचा.

आणि काहीच उरलं नसेल, आधारशिराही गेल्या असतील, तर बिजागरीचा गुडघा किंवा हाडाचं अख्खं टोकच बदलणारं मेगाप्रोस्थेसिस. ते मुळात हाडाच्या कर्करोगासाठी घडवलेलं. वयस्क रुग्णाला पुन्हा चालतं करायला ते उपयोगी पडतं, पण त्यापुढे फारसे पर्याय उरत नाहीत.

खर्च, आणि विचारायचं काय

ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा घातली. तेव्हा कोबाल्ट-क्रोमियमच्या साध्या गुडघ्याला जीएसटी सोडून ५४,७२० रुपये आणि रिव्हिजनच्या संचाला १,१३,९५० रुपये अशी कमाल किंमत ठरली. पुढे दरांत फेरबदल होत राहिले आहेत, पण साधा गुडघा आणि मोठे खड्डे भरणारा गुडघा यांतलं अंतर यावरून कळतं. म्हणूनच ‘पॅकेज’ ठरवताना ऑग्मेंट किंवा स्टेम लागला तर त्याचे वेगळे पैसे पडतील का, हे आधी विचारावं. शस्त्रक्रिया चालू असताना नातेवाइकांना बाहेर बोलावून ‘आणखी एक पार्ट लागतोय’ असं सांगितलं जातं तेव्हा ती फसवणूकच असते असं नाही. खड्डा मोठा निघाला असेल. पण ही शक्यता आधीच्या भेटीत बोलून ठेवलेली असली की कुणाचाच रक्तदाब वाढत नाही.

रोबोटबद्दल हमखास विचारलं जातं. रोबोट किंवा संगणकाची मदत असली की कापणं नेमकं होतं, पायाचा कोन अचूक साधतो, उगाच जास्त हाड जात नाही. खड्डा मात्र तो भरत नाही. त्यासाठी वरचेच उपाय आणि तोच विचार.

ऑपरेशनपूर्वी डॉक्टरांना विचारण्यासारखे प्रश्न साधे आहेत. माझ्या हाडात खड्डा आहे का, कुठे, किती? कापून झाल्यावर किती उरेल असं वाटतं? तो कशाने भरणार, आणि तेच का? नंतर किती आठवडे पूर्ण वजन टाकायचं नाही? सिमेंट किंवा ऑग्मेंट असेल तर बहुधा दुसऱ्याच दिवशी वॉकर घेऊन चालवतात. मोठा ग्राफ्ट असेल तर काही आठवडे पाय टेकवून, पण अर्ध्या भारानेच चालावं लागू शकतं. घरात जिना असेल, सोबतीला माणूस नसेल, तर हे आधी कळलेलं बरं. हाडाची घनता आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्यायलाही हीच वेळ योग्य. वरची डागडुजी कितीही चांगली केली तरी ती शेवटी त्याच हाडावर उभी राहणार असते.

कधी ऑपरेशन करायचं, हा प्रश्न यातूनच येतो. केवळ एक्स-रे वाईट दिसतो म्हणून न दुखणारा गुडघा कुणी बदलू नये. पण फेंगडेपणा दर वर्षी वाढत असेल, चालताना गुडघा बाजूला झोके खात असेल, तर दुखणं सोसण्याची ताकद आहे म्हणून थांबणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की दरम्यान हाड जातंय. दर वर्षी-दीड वर्षाने उभ्याने काढलेला एक्स-रे जुन्याशेजारी ठेवून पाहिला की ते दिसतं.

ऑपरेशन झाल्यावर डिस्चार्जच्या कागदांत इम्प्लांटच्या प्रत्येक भागाचं स्टिकर मागून घ्या आणि काय बसवलं त्याची नोंद ठेवा: तबकडीचं माप, ऑग्मेंट किती मिमीचा, स्टेम सिमेंटचा की विनासिमेंटचा, ग्राफ्ट स्वतःचा की बँकेतला. पंधरा वर्षांनी गुडघा उघडायची वेळ आली तर दुसऱ्या गावातल्या, तुम्हाला न ओळखणाऱ्या सर्जनला पहिली विचारणा करायची असते ती याच कागदाची. तो नसेल तर कोणती हत्यारं मागवायची इथपासून त्याला अंदाज बांधत बसावं लागतं.